मार्चअखेरची झाडं

एकोणतीस मार्चला भर दुपारी पिंजारी गल्लीत झाडं लावायला माणूस आला, तेव्हा नईमाला आधी वाटलं, याला ऊन लागलं असावं.

दोन मजूर रस्त्याच्या कडेनं खड्डे पाडत होते. टेम्पोत कडुनिंब आणि करंजाची रोपं माना टाकून पडली होती. आणि एक उंच, सावळा पोरगा डोक्यावर फाईल धरून त्यांच्यावर देखरेख करत होता. अकोल्याचं ऊन ते, डांबर चपलेला चिकटत होतं. नईमा हातातली सुई अर्ध्या गादीत तशीच खोचून बाहेर आली. केसांत कापूस, ओढणी कमरेला खोचलेली, आणि डोकं तर सकाळपासूनच तापलेलं.

“काय करून राहिले तुमी?”

“झाडं लावून राहिलो, बाजी.”

“ते दिसते मले. मार्चात कोन झाडं लावते?”

“ज्याचं अनुदान मार्चात येते तो लावते,” तो म्हणाला. “एकतीस तारखेच्या आत खर्च नाही झाला तं पैसा परत जाते.”

“पैसा परत गेला तं पुन्ना मांगता येते. झाड मेलं तं कोनाले मांगायचं?”

तो हसला. म्हणजे धड हसलाही नाही, चोरी पकडल्यासारखे त्याचे ओठ जरा हलले… पण नईमाला तेवढं पुरलं.

“हासता काहून?”

“नाही, बाजी… तुमच्या केसांत कापूस आहे.”

तिचा हात आपोआप केसांकडे गेला. मग आपला हात गेला याचाच तिला इतका राग आला की ती पुढचं बोलायचं विसरली आणि दार आपटून आत गेली.

रागाला कारण होतं, उगाच भांडणारी पोरगी नव्हती ती. पिंजारी गल्ली म्हणजे रुई पिंजून गाद्या भरणाऱ्यांची गल्ली. नईमाचे अब्बा उस्मानचाचा आजही गाद्या भरायचे, ती शिवायची. पण त्या वर्षांत कापूस पिकवणाऱ्याचं बरं नव्हतं आणि पिंजणाऱ्याचंही नव्हतं. शेतं सोडून शहरात आलेली माणसं गल्लीत खोल्या करून राहत होती. आणि गल्लीतली एकुलती हापशी होळीनंतर पाण्याऐवजी नुसता सूंऽ असा आवाज काढायची. हवामान बदललंय, त्यासाठी वस्तीवस्तीला छोटी अनुदानं देतो, असं सांगत एक निधी निघाला, तेव्हा नईमानंच चार बाया गोळा केल्या आणि मागणी केली: पावसाळ्यात आमच्या पत्र्यांवरचं पाणी नळ्यांनी आणून हापशीच्या बोअरमध्ये सोडून द्या. निधीवाले म्हणाले, उत्तम. पण पहिल्या हप्त्यात झाडं. ती जगली, तरच दुसऱ्या हप्त्यात बोअर.

म्हणजे पाणी हवं तर आधी झाडं जगवा, आणि झाडं जगवायला पाणी नाही. हे ज्या डोक्यातून निघालं, त्या डोक्याच्या माणसाला नईमानं खुशाल त्यातल्याच एका खड्ड्यात दुपारभर उभं केलं असतं.

तो माणूस मिळत नव्हता. मिळत होता तो हा, निधीचा कंत्राटी नोकर. अरीब त्याचं नाव. वरूडकडचा, इथल्या कृषी विद्यापीठात शिकलेला. एकतीस तारखेला त्यानं प्रत्येक खड्ड्यातल्या रोपाचा मोबाईलवर फोटो काढला, निधीच्या साहेबांना पाठवला, आणि मार्चअखेर पार पडली.

चौथ्या दिवशी पानं करपायला लागली. नईमानं खिडकीतून पाहिलं तर अरीब एका करंजापाशी उकिडवा बसून आपल्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्याला घालत होता. थोडं या रोपाला, थोडं त्या. स्वतःसाठी घोटभरही ठेवलं नाही त्यानं.

ती बाहेर आली. “एका बाटलीनं काय होते?”

“काही नाही होत,” तो वर न पाहता म्हणाला. “पन पाहवत नाही, बाजी. आमची संत्र्याची बाग होती. बोअर हजार फूट नेला, पानी नाही लागलं. झाडं उभी वाळली. मंग अब्बानं मलेच तोडायले लावली… त्यायच्यानं होत नव्हतं म्हनून.”

 राग कुठे ठेवावा हे नईमाला कळेना. तिनं आतून तांब्याभर पाणी आणून त्याच्या हातात दिलं.

“हे झाडाले नाही. हे तुमी प्या.”

तो पाणी पीत असताना तिनं ठरवून टाकलं. “काढा ही झाडं.”

“काय?”

“खड्ड्यातून काढा. घरोघर नेऊ. कूलरसमोर ठेवू. टँकरचं हंडाभर पानी त्यात जातेच. मानसं जगतात कूलरजवळ, तं झाड काहून नाही जगनार? पानी पडलं की परत लावू.”

“बाजी, नियम आहे. झाड खड्ड्यातच पायजे. कोनी पाहिलं तं…”

“तं म्हना, मी काही पाहिलं नाही. तोंड फिरवून उभे राहा भिंतीकडे.”

अरीब खरंच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पण मुळं कशी तुटतायत हे ऐकून त्याच्यानं राहवेना. “तशी ओढू नोका… मातीचा गड्डा सुटते,” असं म्हणत तो वळलाच, आणि मग बाह्या सरसावून त्यानंच अर्ध्याहून जास्त रोपं काढली. नईमानं जुन्या गाद्यांमधली रुई भिजवून आणली, ती त्यानं गड्ड्यांभोवती गुंडाळली, वरून बारदान. शेवटच्या रोपाला गाठ मारताना दोघांची बोटं एकाच सुतळीवर आली. कोणी पटकन काढून घेतली नाहीत. मग दोघांनी एकदमच काढली.

एप्रिलभर अरीब रोज झाडं बघायला यायचा. बेबीताई भाजीवालीच्या घरी कूलरच्या पाठीमागे दोन करंज, यास्मीनच्या घरी शिलाई मशीनखाली कडुनिंब. प्रत्येक घरात कूलरचे गार तुषार उडत, त्यात पानं हिरवीगार व्हायला लागली. शेवटचं घर नईमाचं असायचं. तो मुद्दामच ते शेवटी ठेवतो हे साऱ्या गल्लीला कळलं होतं. नईमाला सगळ्यात आधी कळलं होतं, पण ती कबूल करायला तयार नव्हती.

“आज कसं आहे तुमच्याकडचं?” तो उंबऱ्याशी उभा राहून विचारायचा.

“तुमी काल पाहून गेले ना? रातभरात काय बदलनार?”

“नाजूक आहे ते. रोज पाहायले लागते.”

“चांगलं टनक आहे. सगळ्यात टनक तेच आहे.”

“मी झाडाचं नाही बोलून राहिलो…”

“मंग कोनाचं बोलून राहिले?”

“…माह्या मनाचं.”

नईमा सुईत दोरा ओवत बसली. दोरा आधीच ओवलेला होता. आणि मग तिच्या ध्यानात आलं की गेल्या कित्येक दिवसांत या माणसानं तिला बाजी, म्हणजे ताई, म्हटलेलं नाही. बेबीताईला ताई म्हणतो, यास्मीनला बाजी म्हणतो, हिला मात्र काहीच नाही. नुसतं “ऐका ना…” म्हणतो. कूलरसमोर बसूनही तिला गरम व्हायला लागलं.

“जा आता,” ती म्हणाली. “मले काम आहे.”

“उद्या येऊ?”

“झाड पाहायले या. मले काय विचारता?”

घरात नईमा उर्दू बोलायची, पण भांडायला तिला वऱ्हाडीच लागायची. आणि या माणसाशी ती अजून एकदाही उर्दूत बोलली नव्हती. अम्मीनं हे एकदा बोलून दाखवलं, तर नईमानं जेवायचं ताट दूर सारलं.

झाडं जगली की नाही याची तपासणी जूनमध्ये होती. साहेब आले मे महिन्यात, न कळवता. अमरावतीहून पांढऱ्या गाडीतून. गाडी आत गार राहावी म्हणून ड्रायव्हरनं इंजिन चालूच ठेवलं. हवामान वाचवायला आलेल्या माणसाची गाडी पाऊण तास एका जागी उभी राहून गल्लीत धूर सोडत होती, आणि नईमा ते दात-ओठ खात बघत होती.

“हे खड्डे रिकामे का?” साहेबांनी विचारलं.

अरीबनं सगळं सांगितलं. झाडं जिवंत आहेत, घरोघर आहेत, चला दाखवतो म्हणाला. उस्मानचाचा तर आतून एक रोप उचलूनच घेऊन आले. साहेबांनी त्या हिरव्या रोपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“निधीची रोपं लोकांच्या घरात? याला चोरी म्हणतात. फोटोत झाड खड्ड्यात आहे, इथे खड्डा रिकामा आहे, मी वर काय सांगू?” त्यांनी मान पुसली. “दोनच गोष्टी होऊ शकतात. गल्लीनं झाडं नेली असतील, तर गल्लीचं अनुदान आजपासून बंद. आमच्या माणसानं स्वतःच्या मनानं काढली असतील, तर त्याला घरी बसवतो, गल्लीचा हप्ता चालू. बोला लवकर. कोणी काढली?”

ही काय विचारायची पद्धत झाली? पण विचारलं त्यांनी असंच. एक तर पाणी जाईल, नाहीतर अरीब. नईमा पुढे सरकली. मी काढायला लावली, एवढंच म्हणायचं होतं.

“मी काढली, साहेब,” अरीब म्हणाला. “साहेबांचा हुकूम आहे, घरात ठेवा, असं मी यांना खोटं सांगितलं. गल्लीचा काही दोष नाही.”

“खोटं…” नईमाच्या तोंडून निघालं.

अरीबनं तिच्याकडे पाहिलं. मग नजर वळवून हापशीकडे पाहिलं. तिथे बेबीताई आणि सहा-सात बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या होत्या, श्वास रोखून. त्यांतल्या एकीनंही मान हलवली नाही की डोळ्यांनी काही सुचवलं नाही. त्या नुसत्या नईमाकडे बघत होत्या.

नईमा गप्प बसली.

जन्मात कधी गप्प न बसलेली पोरगी त्या दिवशी गप्प बसली. साहेबांनी सगळं ऐकलं होतं, त्यांना सगळं कळलंही होतं. पण एका कंत्राटी पोराला काढणं अख्ख्या गल्लीशी भांडण्यापेक्षा सोपं होतं. “ओळखपत्र देऊन टाक,” ते म्हणाले. “गल्लीचा दुसरा हप्ता मंजूर.” आणि गार गाडीत बसून निघून गेले.

बायांनी हंडे खाली ठेवले आणि एकमेकींना मिठ्या मारल्या. बेबीताईनं नईमाला कवेत घेऊन गोल फिरवलं. या आनंदात अरीब आपली मोटारसायकल ढकलत गल्लीबाहेर गेला, ते नईमाशिवाय कोणाच्या लक्षातही आलं नाही.

नईमानं त्याला मोर्णा नदीच्या पुलाजवळ गाठलं. धापा टाकत, पायात चपला नाहीत.

“थांबा.”

तो थांबला.

“कोनी सांगतलं होतं हा मोठेपना करायले?”

“कोनीच नाही.”

“मी बोलनार होती. मी काढली म्हनून सांगनार होती मी.”

“माईत होतं मले. म्हनून तं घाई केली.”

“अन् मंग मी गप्प बसली.” तिचा आवाज फाटला. “मले पानी पायजे होतं. तुमी समोर उभे होते, खोटं बोलून राहिले होते, अन् मी पान्याकडे पाहून गप्प बसली. राग येऊन राहिला मले. तुमचा बी, माहा बी.”

“बरं केलं तुमी. मले बी तेच पायजे होतं… तुमच्या गल्लीले पानी.”

“तुमाले काहून? तुमी आमच्या गल्लीचे कोन?”

“कोनीच नाही,” अरीब म्हणाला. थोडं थांबून हळूच म्हणाला, “अजून.”

पुलावरून एक ट्रक गेला. पूल थरथरला, धूळ उडाली, दोघंही जागची हलली नाहीत. तिचे पाय भाजत होते. त्यानं ते पाहिलं, गाडी वळवून अशी उभी केली की तिच्या पायांवर गाडीची सावली पडेल.

“आता काय करान?” तिनं विचारलं.

“वरूडले जाईन. पाहीन काहीतरी.”

“गल्लीनं तुमची नोकरी खाल्ली. गल्लीनं भरून द्यायले पायजे.”

“गल्लीजवळ काय आहे देयाले?”

“काहीच नाही,” नईमा म्हणाली. “मी आहो.”

 अरीबनं कपाळावरचा घाम पुसला, परत पुसला. “नईमा…” पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं त्यानं. “मले नोकरी नाही. तुमच्या अब्बाले काय सांगू?”

“सांगा, तुमच्या पोरीनं घालवली.”

“अन् राग?”

“तो आहेच. तुमच्यावरचा जाईन हळूहळू. त्या साहेबावरचा जन्मभर राहीन.”

“चालते मले.”

त्यानं गाडी गल्लीकडे वळवली. नईमा पुढे निघाली, झपाझप, मागे न बघता. डोळे भरून आले होते आणि ते तिला आत्ताच त्याला दाखवायचे नव्हते.

“अन् ऐका,” ती पुढूनच म्हणाली, “अब्बासमोर गरिबासारखं तोंड करून बसू नोका. अन् साहेबाले शिव्या तुमी देऊ नोका. त्या मी देईन.”