वारुळावरची अळंबी

मच्छिंद्र गेल्याचा फोन जालन्याच्या दवाखान्यातून सकाळी आला. विष अळंबीचं, डॉक्टर म्हणाले. नागपंचमीच्या दुपारी जेवला, रात्री उलट्या सुरू झाल्या. मध्ये एक दिवस बरंही वाटलं होतं. तोवर यकृत गेलं होतं.

उपनिरीक्षक अर्पिता साळवे पिंपळगाव रेणुकाईत पोहोचली तेव्हा मच्छिंद्रची आई तुळजाबाई ओट्यावर बसली होती. त्याची बायको अक्षता दाराआड उभी होती.

"हिनंच घातली इखारी छत्री," तुळजाबाई म्हणाली. "भाजी हिनं केली. खाल्ली मातर न्हाई."

"तुम्ही खाल्ली?"

"सोमवार व्हता. उपास."

"अळंबी आणली कुणी?"

"म्या. लगीन होऊन आल्ते तवापासून त्याच वारुळावरून आणून राह्यले. एक डाव चुकले न्हाई."

अर्पिता अक्षताकडे वळली. "तुम्ही का नाही खाल्ली?"

"थोडीच व्हती. ह्यांना लई आवडायची."

"चिरताना काही वेगळं दिसलं?"

"चिरली कुठं, मॅडम? पंचमी व्हती. अख्खीच शिजवली."

"बघा, कशी उत्तरं पाठ करून बसली," तुळजाबाई म्हणाली. "घाला तिला जीपमधी."

अर्पिताने खुरपं मागून घेतलं आणि दोघींना जीपमध्ये बसवून वारूळ गाठलं. जमिनीलगत मोडलेले देठ सुकू लागले होते. ती उकरू लागली. बरेचसे देठ मुळासारखे निमुळते होत वारुळात खोल गेलेले. कडेच्या दोन देठांच्या बुडाशी मात्र वाटीसारखी पांढरी पिशवी होती.

"हे काय, मावशी?"

तुळजाबाई वाकली. बोटानं त्यावरची माती पुसली.

"इखाची हाये."

"एरवी कशी ओळखता?"

"उपटून. बुडखा पाहून."

"आणि या वेळी?"

"पंचमीला भुई उकरत न्हाईत, बाई. नागाला लागतं. वरच्यावर मोडली."

"म्हणजे बुडखा इथंच राहिला," अर्पिता म्हणाली. "वरून चांगल्या काय, विषारी काय, दोन्ही पांढऱ्या. अक्षताच्या हातात आल्या तेव्हा ओळखायची खूणच उरली नव्हती. तिनं काही घातलं नाही. विषारी छत्र्या इथल्याच होत्या. तुम्ही मोडलेल्या."

"मंग मला धरा."

"मुद्दाम केलं नाहीत तुम्ही."

तुळजाबाई जीपकडे गेली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

"उतरा, मावशी."

ती उतरेना.

"आत्याबाई," अक्षता म्हणाली, "जालन्याहून ह्यांना आणायचंय."

तुळजाबाई थोडी सरकली. अक्षता शेजारी बसली.