रस्त्याला वळता येतं

"हात लावू नकोस," ओझेला म्हणाली. "खुंटी उपटलीस तर शेरीफ आजोबांना धरून नेईल."

दहा वर्षांच्या लूशसने हात मागे घेतला. लाल चिंधी बांधलेली ती खुंटी बरोबर त्या दोघा भावंडांच्या आईच्या उशाशी ठोकलेली होती. कबरीवरची माती अजून नीट बसलीही नव्हती. आई फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेली. गोऱ्यांचे सगळे पेशंट संपेपर्यंत डॉक्टरने तिला मागच्या दारी थंडीत बसवून ठेवलं होतं. तेव्हापासून लूशसने आईचं नाव एकदाही काढलं नव्हतं.

"नव्या रस्त्याच्या खुंट्या आहेत, ओढ्यापासून आल्यात," शेजारचा होझिया धापा टाकत म्हणाला. "आपल्या अख्ख्या कबरस्तानातून जातायत."

जुलै महिना होता. कापसाची शेवटची खुरपणी झाली होती, बोंडं फुटायला अजून महिना होता. अलाबामातल्या त्या वस्तीत काळ्या पोरांना सुट्टी मिळायची ती एवढीच.

"चला, बघू कुठून येतायत ते," ओझेला म्हणाली. ती बारा वर्षांची होती, आणि आई गेल्यापासून घरातले निर्णय तीच घेत होती.

तिघं खुंट्यांच्या मागे निघाले. ओढ्यापासून रांग कशी सरळ आली होती. पण जमीनदार पिकेटच्या बागेपाशी ती अचानक डावीकडे गेली, पेकनच्या, म्हणजे अक्रोडासारख्या फळांच्या, झाडांना लांबलचक वळसा घालून पुन्हा सरळ झाली, आणि थेट कबरस्तानात शिरली.

होझियाने डोकं खाजवलं. "म्हणजे रस्त्याला वळता येतं तर. पेकनसाठी वळतो, मग माणसांसाठी का नाही?"

"पेकन खाता येतात," लूशस म्हणाला.

संध्याकाळी ओझेलाने आजोबांपुढे विषय काढला. ते बूट काढत होते. एक काढून हातातच धरून बसले.

"मी जाऊन आलो, पोरी. मोजणीदार क्रेनने मान वर करून बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, कागदावर ती पडीक जमीन आहे. थडगी असतील तर दाखवा. काय दाखवणार? तुझ्या आईचा एक मातीचा ढीग? बाकीच्यांच्या लाकडी फळ्या होत्या, त्या तीन वर्षांपूर्वीच्या वणव्यात जळाल्या. शुक्रवारी मोठा इंजिनिअर येऊन सही करणार."

"मग आपण त्याला—"

"आपल्याला इथंच राहायचंय, ओझेला. त्यांच्याशी वाकडं घेऊन चालत नाही."

ती रागावली, पण आजोबांवर नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या क्रेनचं एकच वाक्य तिच्या डोक्यात घोळत होतं. थडगी असतील तर दाखवा.

सकाळी तिने लूशसला हलवून उठवलं आणि शेजारून होझियाला बोलावलं. "दाखवा म्हणालाय ना? दाखवू."

कोण कुठे पुरलंय हे सगळं ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, व्हायनीमावशी. ऐंशी वर्षांची सुईण. मोतीबिंदूने डोळे गेलेले, पाय सुजलेले. पोरांनी तिला होझियाच्या हातगाडीत बसवलं.

"हळू रे," ती म्हणाली. "तुला जगात आणलं तेव्हा मी असं आदळलं नव्हतं."

"तेव्हा मी हलका होतो, मावशी. तुझं काय ते तू बघ."

"जीभ मात्र तेव्हापासून तिखट आहे तुझी."

देवदाराच्या झाडाला पाठ लावून ती उभी राहिली आणि बोट दाखवू लागली. "इथून पूर्वेला चार पावलं. इश्माएल. ओढ्यात बुडाला. त्याच्या पायाशी त्याची बायको डॉर्कस. तिथून डावीकडे बघा, जमीन खचली असेल."

खरंच खचली होती. गवत उपटलं की माणसाच्या लांबीचा खळगा दिसायचा. कुठे मातीत फुटकी ताटली सापडायची, कुठे शिंपला, कुठे दिव्याची काच. माणूस पुरला की त्याने शेवटची वापरलेली वस्तू कबरीवर ठेवायची तिथली रीत होती. ओझेला वहीत नाव लिहायची, होझिया ओढ्यातला गोटा आणून ठेवायचा. लूशस गवत उपटायचा. आईच्या कबरीपाशी आला की एकेक काडी वेगळी उपटायचा.

तीन दिवसांत चौतीस कबरी मिळाल्या. त्यातली एक कोपऱ्यात होती, तिच्याबद्दल मात्र मावशीने मान हलवली. "ही माझ्याही आधीची."

"पण गोटे बघून क्रेन म्हणेल, काल ठेवलेत," होझिया म्हणाला. "आणि ठेवलेत कालच."

ओझेलाने वही मिटली. "गोट्यांना बोलता येत नाही. आपल्याला येतं."

शुक्रवारी सकाळी धूळ उडवत मोटार आली. क्रेन आधी उतरला, मागून उन्हाने लाल झालेला इंजिनिअर. दोघं जागच्या जागी थांबले. कबरस्तानात वस्तीतली चौतीस मुलं उभी होती, प्रत्येक जण एकेका कबरीच्या उशाशी. सगळ्यात लहान चार वर्षांची होती आणि अंगठा चोखत होती. कोणीही खुंटीला हात लावला नव्हता.

"हे काय नाटक आहे?" क्रेन ओरडला. "चला, घरी पळा."

एकही पोर हललं नाही. ओझेला कोपऱ्यातून मोठ्याने म्हणाली, "साहेब, थडगी दाखवा असं यांनी सांगितलं होतं. म्हणून दाखवतोय."

इंजिनिअर लूशसपुढे जाऊन उभा राहिला. "इथं कोण आहे?"

लूशसने ओठ आवळले. ओझेलाला वाटलं, आपण जाऊन सांगावं. पण ती जागेवरून हलली नाही.

"लुवेनिया ट्रॅमेल," तो शेवटी म्हणाला. "माझी आई."

"पढवलंय पोरांना," क्रेन म्हणाला.

इंजिनिअर वळला. दूर हातगाडीत पाठमोऱ्या बसलेल्या व्हायनीमावशीकडे गेला आणि विचारलं, "दुसऱ्या रांगेत पाचवं कोण?"

"पर्सिला. बाळंतपणात गेली. बाळ तिच्या कुशीतच आहे."

पाचव्या मुलीने तेच सांगितलं. त्याने आणखी चार विचारली. चारही जुळली. मग तो कोपऱ्यात ओझेलापाशी आला. तिने ती जागा मुद्दाम स्वतःकडे घेतली होती.

"आणि हा?"

"नाव कोणालाच माहीत नाही, साहेब. पण आमचाच आहे."

त्याने टोपी काढून घाम पुसला. "चौतीस कबरी हलवायच्या म्हणजे चौतीस घरांना नोटिसा, कोर्ट, दोन वर्षं. क्रेन, तुम्ही गाडीतून उतरला तरी होतात का इथं?" त्याने कबरस्तानाच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. "खुंट्या चाळीस पावलं वर सरकवा. आज."

तो दयाळू होता की नाही, ओझेलाला शेवटपर्यंत कळलं नाही. पण दुपारपर्यंत खुंट्या सरकल्या होत्या.

रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रवचन बाजूला ठेवलं आणि ओझेलाला वही वाचायला लावली. तिने तेहतीस नावं वाचली, आणि चौतिसाव्यासाठी सगळे उभे राहिले. व्हायनीमावशी मोठ्याने म्हणाली, "त्या कबरस्तानात उभं राहिलेलं एकेक पोर माझ्या हातावर जन्मलंय. मेहनत वाया गेली नाही म्हणायची."

आजोबा बाहेर आल्यावर ओझेलासमोर टोपी काढून उभे राहिले. "मी घाबरलो होतो, पोरी."

"मीपण, आजोबा."

"तरी उभी राहिलीस. तुझ्या आजोबाला आता तुझ्याकडून शिकायला हवं."

घरी जाताना लूशस मधेच म्हणाला, "ओझी, आईने झाडूने साप हाकलला होता, आठवतं? आणि मग स्वतःच टेबलावर चढून बसली होती."

"आठवतं."

"आणि त्या दिवशी भाकरी जळाली होती."

मग तो बोलतच राहिला, घर येईपर्यंत. ओझेलाने त्याला मधे एकदाही थांबवलं नाही.