तुम्ही ठेवल्याशिवाय

शेजारच्या काकू जाऊन महिना झाला. त्यांचा परदेशातला मुलगा परत निघताना म्हणाला, "मावशी, आईचा फोन तेवढा टेलिफोन कंपनीत जमा कराल?" म्हणून भर दुपारी पिशवीत फोन घालून मी निघाले.

खोटं कशाला बोलू? आमच्या दोन घरांत मिळून लाइन एकच. काकू बोलायला लागल्या की मी अलगद रिसीव्हर उचलायची. एकदा जिन्यात चारचौघींसमोर त्या म्हणाल्या, "वहिनी, सर्दी झालीय का हो? काल माझ्या फोनला शिंका येत होत्या!" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण खोड गेली नाही.

कंपनीत भिंतभर तीच जाहिरात होती, काकूंनी पेपरातून कापून फोनशेजारी चिकटवलेली. कानाला यंत्र लावलेली हसरी मुलगी, आणि खाली लिहिलेलं : ‘तुम्ही ठेवल्याशिवाय आम्ही फोन ठेवत नाही.’

काकू गेल्या त्या संध्याकाळी त्यांनी तिथंच फोन लावला होता. "छातीत कळ येतेय गं... माझ्या मुलाला जोडून दे ना."

"लाइनवर राहा हं," मुलगी गोड आवाजात म्हणाली. मग थांबवून ठेवल्यावर वाजतो तो बाजा सुरू झाला.

मी ऐकत होते. मध्ये फक्त एक भिंत. पण धावत गेले असते, तर ‘तुम्हाला कसं कळलं?’ याला काय उत्तर देणार होते? बाजा वाजत राहिला. काकूंचा श्वास तेवढा... मी हळूच रिसीव्हर ठेवून दिला.

सकाळी दार फोडलं. त्यांच्या मुठीतून रिसीव्हर सोडवून मीच जागेवर ठेवला. सगळ्यांच्या आधी रडलेही मीच.

खिडकीतल्या माणसानं नंबर पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हा बंद नाही करता येणार, ताई. कॉल चालू आहे."

"अहो, फोन तर या पिशवीत आहे..."

"महिना झाला, होल्डवर आहेत. आपण तोडायचा नाही, असा नियम आहे." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं आणि आपल्या कानाचं यंत्र माझ्यापुढे धरलं.

बाजा वाजत होता. त्याच्यामागे कुणीतरी दमून श्वास घेत होतं.

"दोघं आहेत लाइनवर," तो हळू आवाजात म्हणाला. "एक म्हातारी. मुलाला जोडा म्हणते. आणि दुसरं कुणीतरी... बोलत नाही. नुसतं ऐकतं."

कशी घरी आले, कळलं नाही. कुलूप जसंच्या तसं होतं. घरात मी एकटीच असते. माझा रिसीव्हरही जागेवर होता.

उचलला, तर कानाकडची बाजू गरम होती.