तीस झाल्यानंतर

त्या दुपारी मी तरण तलावावर गेले ते नव्या टोप्या वाटायला. सर जेवायला घरी गेले होते आणि पहारेकरी फाटकाशी पेंगत होता. आमच्या मुलींच्या संघात माझ्यासकट जुन्या पाचजणी, मी कर्णधार. नवी त्या वर्षी एकच आली होती, माझी धाकटी बहीण.

नव्या मुलीला आमच्याकडे टोपी मिळण्याआधी ‘बुडी’ घ्यावी लागे. तिने खोल टोकाला शिडीची पाण्यातली पायरी धरून खाली बसायचं. आम्ही पाचजणींनी तिच्या डोक्यावर एकेक हात ठेवून मोठ्याने तीसपर्यंत मोजायचं. तीस झाले की सगळ्यांनी नुसत्या पायांवर तरंगत दोन्ही हात पाण्याबाहेर काढायचे. कुणी चेष्टेत दाबून धरू नये म्हणून हा नियम मीच केला होता आणि त्याची मोठी फुशारकी मारत असे.

“ताई, मला नको ना...” धाकटी हळूच म्हणाली.

“लाड घरी. इथे सगळ्या सारख्या.”

“राहू दे गं,” आमची लंबू म्हणाली. “घाबरलीये ती.”

मी ऐकलं नाही. आता खरं सांगते. आदल्या आठवड्यात चाचणीत तिने मला मागे टाकलं होतं. स्पर्धेतली माझी जागा तिला मिळणार होती. सगळ्यांसमोर मी तिची पाठ थोपटली, पण माझा नुसता जळफळाट झाला होता.

ती खाली गेली. औषधाच्या वासाने नाक चुरचुरत होतं. मोजताना आमचे आवाज छपरावर आपटून परत येत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. दहा हात वर आले. मी मोजले.

ती वर आली नाही.

आधी वाटलं, नाटक करतेय. मग मला तिचे केस दिसले. पाण्यात केस पसरतात. तिचे मात्र डोक्याला चप्प बसले होते, वरून कुणी दाबल्यासारखे. तिचे पाय झाडले जात होते.

“कोण धरतंय तिला?” लंबूचा आवाज चिरकला. “कोण...”

कुणीच धरलं नव्हतं. मी बुडी मारली, तिच्या काखेत हात घालून ओढलं. ती तसूभर हलेना. म्हणून तिचं डोकं चाचपलं, आणि माझ्या बोटांना दुसरी बोटं लागली. गार, घट्ट रुतलेली. ती सोडवता येईनात. मी मनगटावरून वर चाचपत गेले. मनगटाच्या पुढे काहीच नव्हतं, नुसतं पाणी.

धाकटीच्या तोंडातून शेवटचे बुडबुडे निघाले. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. मनातल्या मनात ओरडले, तिलाच जाऊ दे स्पर्धेला, मी नाव काढून घेते, पण सोड तिला.

बोटं सैल पडली.

काठावर तिने पाणी ओकलं, रडली, श्वास घेऊ लागली. लंबू तिची पाठ चोळत होती. मला मात्र तिने जवळ येऊ दिलं नाही.

घरी आल्यावर ती खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. मी दारातच उभी राहिले.

“बाकीच्यांचे हात निघाले, ताई,” ती म्हणाली. “तुझाच का नाही निघाला?”

“अगं, माझे दोन्ही वर होते. विचार लंबूला...”

“विचारलं. तीही तेच म्हणते.” ती वळली. “पण मला तुझा हात कळत नाही का?”

तिने कपाळावरचे केस मागे सारले. चार बोटांचे निळसर वळ उमटले होते. तीन सरळ होते. माझी करंगळी लहानपणी दारात चेमटली होती, ती शेवटच्या पेरापासून बाहेर वाकलेली आहे.

चौथा वळ तिथेच वाकला होता.