सगळे चौकोन हिरवे

पंप सुरू झाला. कापडे गावच्या बायकांनी नव्या टाकीखाली हंडे मांडले. पाणी आलं, पण टाकीत नाही, खालच्या शेतात.

उतारावरच्या सिमेंटच्या चेंबरमधून ते उसळत होतं. "बंद करा, बंद करा!" कुणीतरी ओरडलं. पंप थांबला, झाकण उचललं गेलं. तेजश्रीने आत वाकून पाहिलं. दोन नळांची तोंडं एकमेकांकडे बघत होती. मधे व्हॉल्व्ह असायला हवा होता. तिथे काहीच नव्हतं.

तेजश्री या नळपाणी योजनेची इंजिनियर. कंपनी पुण्याची, कचेरी महाडला. आदल्याच संध्याकाळी तिने कॉम्प्युटरवर कापड्याचं पान बघून आजची चाचणी ठरवली होती. प्रत्येक टोळीने आपलं काम झालं की आपला चौकोन हिरवा करायचा, राहिलं तर लाल ठेवायचा. साधी गोष्ट. नळवाले हिरवे, यंत्रवाले हिरवे, वाहतूक हिरवी. एकाही टोळीचं तोंड न बघता तिन्ही टोळ्या हाकता येतात, याचा तिला केवढा अभिमान! प्रत्यक्ष चेंबरपाशी चार पावलं टाकायला मात्र बाईंना सवड झाली नव्हती.

"मॅडम, आता त्या कॉम्प्युटराला तोटी लावून द्या," गर्दीतून एक जण म्हणाला. "तिथंच हंडे भरू." गाव हसलं.

तेजश्रीने तिथेच, सगळ्यांसमोर, चौकशी सुरू केली. राग होता, त्याहून जास्त लाज होती. लाजलेला माणूस दुसऱ्या कुणाचं तरी नाक कापायला बघतो.

नळ टाकणाऱ्या टोळीचा मुकादम श्रीपत. त्याला तिने आधी धरलं.

"मधली जागा रिकामी आहे हे तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"नळ टाकायचं काम आमचं. व्हॉल्व्ह बसवनं ऋत्विकसायबांचं. आमच्या चौकोनात तो नव्हता, मॅडम."

ऋत्विक यंत्रवाल्या टोळीचा सुपरवायझर. कापडे आणि उमरठ, दोन्ही गावांचं काम त्याच्याकडे. तो पुढे आला, दोन्ही कान पकडले.

"चूक माझी. वाहतुकीचा चौकोन हिरवा दिसला, म्हणजे माल पोचला. म्हणून मी आमचाही हिरवा केला, बसवू उद्या-परवा म्हणून. पण व्हॉल्व्ह इथे आलाच नाही. कुठे गेला ते तौकीरला विचारा."

तौकीर महाडचा, कंपनीच्या टेम्पोवरचा ड्रायव्हर. त्याचा दम्मामचा व्हिसा आला होता. पुढच्या आठवड्यात विमान.

"मी इथंच उतरवला, मॅडम. बोल्ट, रबरी चकत्या, सगळ्यासकट."

"कधी?"

"शिमग्यात. साइटवर कुणी नव्हतं. सगळे पालखीला. हमाल पण नाय, फळीवरून मी एकट्यानंच सरकवला."

"म्हणजे कुणी बघितलं नाही."

"एक म्हातारी होती. तिनं त्याला हळदकुंकू लावलं."

ऋत्विक सगळ्यांत मोठ्याने हसला. "व्हॉल्व्हला हळदकुंकू? अरे, पटेल असं तरी काही सांग!"

सगळे हसले. तेजश्रीही हसली. मग म्हणाली, "तौकीर, माल कुठे विकलास ते सांग, म्हणजे प्रकरण इथेच मिटेल."

तौकीरने गर्दीकडे पाहिलं. "रंगूबाई नाव तिचं. तिला विचारा," एवढंच तो बोलला.

रंगूबाई कुणाच्या लग्नाला दुसऱ्या गावी गेली होती. तिची वाट बघायची तेजश्रीला गरज वाटली नाही. संध्याकाळी ती तक्रार घेऊन फौजदार येसाजी मोऱ्यांपुढे बसली.

"गुन्हा नोंदवला की पोराचा पासपोर्ट अडकेल," मोरे म्हणाले. "त्यानेच नेला, खात्री आहे?"

"कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे."

"कॉम्प्युटरने नेताना बघितलं का?" मोऱ्यांनी कागद बाजूला ठेवला. "उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो."

सकाळी कचेरी उघडायच्या आधीच दारात तौकीरची आई हलिमा उभी होती.

"बाय, माझा पोरगा चोर असंल तर खुशाल न्या त्याला," ती म्हणाली. "पन ती म्हातारी काल राती गावात आलीय. तिला एकदा विचारा तरी. विचारायला काय पैशे पडतात?"

तेजश्रीने कचेरीचं कुलूप उघडलंच नाही. तिने जीप काढायला सांगितली.

रंगूबाई अंगणात भात वाळत घालत होती.

"चाकवालं लोखंड ना गो? आलं व्हतं की! त्या टेम्पोवाल्यानं चेंबराशेजारी ठेवलं. गावात पानी येनार त्याच्यातून, मग कोरडंच कसं ठेवायचं? हळदकुंकू लावलं, वल्या हातानं तांदूळ वाह्यले. त्याला म्हटलं, तू पन नमस्कार कर. त्यो हसला न् गाडी धुवायला गेला."

"मग नेलं कुणी?"

"त्ये नाय बघितलं. म्या पालखीला गेलं. परत आलं तवा नव्हतं. मला वाटलं, बसवलं आसंल खाली."

तेजश्रीचे कान तापले. काल आपण ज्या वाक्यावर हसलो, ते शब्दन् शब्द खरं होतं.

ती चेंबरपाशी गेली, आणि या वेळी नीट पाहिलं. कडेला लोखंडी नळांचे तुकडे पडले होते, शिमग्याच्या आधीपासूनचे. भंगाराला चांगला माल, आणि उचलायला सोपा. त्याला कुणी हातही लावला नव्हता. व्हॉल्व्ह मात्र बोल्टांसकट, रबरी चकत्यांसकट गेला होता. भंगारवाला रबरी चकत्या घेऊन काय करील?

विकायला नेणारा चकत्या नेत नाही. बसवायला नेणारा नेतो.

मग बसवला कुठे? त्या मापाचा व्हॉल्व्ह आसपास एकाच ठिकाणी लागत होता. तिने जीप उमरठकडे वळवली.

उमरठच्या पाणी समितीचे महिपती शेतकरी माणूस, योजनेवर भलतेच खूश. त्यांनी स्वतः चेंबरचं झाकण उघडलं.

"बघा, पार निळा रंग मारून दिलाय ऋत्विकसायबांनी."

तेजश्री खाली उतरली. व्हॉल्व्ह कारखान्यातून रंगवूनच येतो. नव्यावर पुन्हा रंग कशाला?

"महिपतीकाका, याची पूजा कुणी केली होती?"

"कुठली पूजा? गावकीतला मोठा मानूस गेला तवा. सुतक व्हतं. यंदा शिमगासुदा नाय केला आमी."

तिने किल्लीने रंग खरवडला. ओतीव अक्षरांच्या खाचांत लाल दिसलं. आणखी खरवडलं. निळ्या रंगाखाली, लोखंडाला घट्ट चिकटलेला, एक तांदळाचा दाणा होता.

दुपारी त्याच चेंबरभोवती सगळे जमले. फौजदार मोरे, महिपती, जीपमधून आणलेली रंगूबाई, आणि ऋत्विक. तौकीर लांब झाडाखाली उभा राहिला. कुणी बोलावलं तरी जवळ येईना.

"ऋत्विक, हा व्हॉल्व्ह कुठला?" तेजश्रीने विचारलं.

"उमरठचा. पुण्याहून आलेला."

"त्याला कुंकू कसं?"

"इथल्या बायकांनी लावलं असेल."

"आमाला सुतक व्हतं," महिपती म्हणाले.

"काल हळदकुंकवावर सगळ्यांत मोठ्याने तू हसलास," तेजश्री म्हणाली, "आणि ते पुसायला जमेना म्हणून त्यावर निळा रंग मारलास तोही तूच. तौकीर खरं बोलतोय हे त्या गर्दीत फक्त तुला ठाऊक होतं. हा कापड्याचा व्हॉल्व्ह. सगळे पालखीत असताना तू कंपनीच्या जीपमधून नेलास. उमरठचा चौकोन खऱ्यानेच हिरवा झाला. मग कापड्याचा लाल कसा ठेवणार? तोही खोटाच हिरवा केलास. दोन गावांची पानं वेगळी. एकच व्हॉल्व्ह दोन्ही पानांवर बसलाय हे कुठल्याच पानावर दिसत नाही."

ऋत्विक मागे सरकला, तर मागे मोऱ्यांचा हवालदार उभा होता.

"आता उमरठचा स्वतःचा व्हॉल्व्ह कुठे आहे ते सांग."

ऋत्विकने खालच्या शेडकडे बोट दाखवलं. हवालदाराने सिमेंटच्या रिकाम्या गोण्या बाजूला केल्या. खाली व्हॉल्व्ह होता. अंगाला मोठी चीर.

"माझ्या हातून पडला," ऋत्विक म्हणाला. त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. "शिमग्याला माणसं नव्हती. पुण्याचा टेम्पोवाला टाकून निघून गेला. मी एकट्यानेच सरकवायला गेलो आणि दगडावर आपटला."

"मग सांगितलं का नाहीस? शिमग्याला माणसं नसतात हे कोकणात कोण नाकारेल?"

"कुणाला सांगायचं? पुण्यात केलेल्या त्या पानावर शिमगा नाही. चौकोन दोनच, हिरवा नाही तर लाल. 'फुटला' असं लिहायला जागा कुठे आहे?" मग पहिल्यांदाच त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. "आणि दर सोमवारी तुमचा फोन, मॅडम. 'कारणं नकोत, मला लाल दिसायला नको.' नाही दिसलं तुम्हाला लाल. दुसरा मागवून कापड्याला गुपचूप बसवणार होतो. तुम्ही आधीच चाचणी ठरवलीत."

"आणि तौकीर?"

"ते... तोंडून निघून गेलं. मग मागे फिरता येईना."

मोऱ्यांनी ऋत्विकला जीपमध्ये बसवलं. तेजश्रीची तक्रार त्यांनी खिशातून काढून तिच्या हातात परत दिली. बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं. उलगडा तिने केला होता, पण घोडचूकही तिचीच होती. तौकीर पहिल्याच दिवशी खरं बोलला होता आणि रंगूबाईचं घर चेंबरपासून हाकेच्या अंतरावर होतं.

संध्याकाळी ती महाडला तौकीरच्या घरी गेली. तो नव्हता. दारात हलिमा होती.

"माफी मागायला आले," तेजश्री म्हणाली. "माझं चुकलं. त्याचा पासपोर्ट अडकणार नाही, मी फौजदारांना लिहून दिलंय."

हलिमाने तिला आत बोलावलं नाही. आवाजही चढवला नाही.

"तो आता दम्मामला जाईल, बाय. पन आमाला इथंच ऱ्हायचंय," ती म्हणाली. "चार मानसांत चोर बोललात. माफी एकटीच्या कानात मागताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तेजश्री महाडच्या टेम्पो स्टँडवर गेली. ड्रायव्हर चहा पीत उभे होते. कापड्याहून श्रीपत आणि त्याची टोळी आली होती. तिनेच बोलावलं होतं. घोळक्याच्या कडेला तौकीर होता.

तिला परत फिरावंसं वाटलं. पण ती एका टेम्पोच्या पायरीवर चढली.

"तौकीरने काही चोरलं नाही," ती मोठ्याने म्हणाली. "तो खरं सांगत होता. मी ऐकलं नाही, वर हसले. कॉम्प्युटर बघून, कुणालाही न विचारता, मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणाले. मला माझी लाज वाटते. तौकीर, मला माफ करा."

चहाचे ग्लास हातात तसेच राहिले. 'चोर' हा शब्द पुन्हा एकदा चार माणसांत निघाला होता. सगळ्यांच्या माना तौकीरकडे वळल्या.

आणि ज्याने काहीच केलं नव्हतं, त्या तौकीरनेच मान खाली घातली.