सव्वीस वर्षांची वसुली

"या मुलाला दूरचं दिसत नसणार," ती पोस्टरकडे बघत म्हणाली.

पोस्टर पुरुषभर उंच होतं आणि एका खासगी व्यवस्थापन महाविद्यालयाच्या दारातच उभं होतं. त्यावर निळ्या कोटातला एक तरुण डोळे बारीक करून कुठेतरी लांब पाहत होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'भविष्य पाहणारी नजर'. फोटोग्राफरला ती नजर फार आवडली होती.

"डाव्या डोळ्याला जास्त नंबर असेल," तिनं शेजारी उभ्या वडिलांना समजावलं. "बघा ना, डावा जास्त मिचकावलाय."

"उजव्यालाही थोडा असावा," मागून आवाज आला.

ती वळली. निळा कोट नव्हता, पण डोळे तेच होते... आणि तसेच बारीक केलेले, कारण तो आता तिच्याकडे पाहत होता. बाहेर भुरभुर पाऊस होता. तिच्या चष्म्यावर थेंब साचले होते, म्हणून तिनं तो काढून बाहीला पुसायला घेतला होता. थोडक्यात, प्रेमकथेतली पहिली नजरानजर झाली तेव्हा दोघांनाही नीट दिसत नव्हतं. सहसा असंच होतं, फक्त लोक कबूल करत नाहीत.

"तुम्ही डॉक्टर?" त्यानं विचारलं.

"चष्म्याच्या दुकानात आहे. नंबर काढते, काचा बसवते. तुम्ही?"

"मी यशस्वी विद्यार्थी," तो पोस्टरकडे हात करून म्हणाला. "या बसा. पाणी घेणार?"

तो तिथला समुपदेशक होता. समुपदेशक म्हणजे आलेल्या माणसाला थंड पाणी देऊन, त्याची स्वप्नं नीट ऐकून घेऊन, त्यांना साधारण किती खर्च येईल हे हळुवार आवाजात सांगणारा माणूस. सहकारी त्याला 'पोस्टर' म्हणत. "पोस्टर, चहा घेणार का?" असं म्हटल्यावर सुरुवातीला त्याला वाईट वाटायचं, हल्ली तो फक्त साखर किती ते सांगायचा.

तिचे वडील खुर्चीच्या कडेवर बसले. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी आयुष्यभर लोकांच्या घरचे मीटर वाचले होते, आणि आता निवृत्तीचे सगळे पैसे बँकेत येऊन बसले होते. मुलीनं व्यवस्थापनाची पदवी घ्यावी असं त्यांच्या मनात होतं. मुलीच्याही मनात होतं, आणि त्याला कारण होतं. दुकानाच्या नव्या शाखेसाठी व्यवस्थापक हवा होता. मालकानं एक पदवीधर आणला. तो पदवीधर रोज तिलाच विचारायचा, 'ताई, हे बिल कसं करायचं?' आणि महिन्याच्या शेवटी तिच्या दीडपट पगार घ्यायचा.

"म्हणजे कागद हवा," ती म्हणाली. "काम येतंय."

"आमच्याकडे कागद उत्तम मिळतो," तो म्हणाला, आणि मग ओठ मिटले. हे वाक्य माहितीपत्रकात नव्हतं.

ती हसली. मग पर्समधून पेन काढून तिनं माहितीपत्रकाच्या मागे आकडे मांडायला सुरुवात केली. फी बारा लाख. दोन वर्षं नोकरी सोडायची, महिना अठ्ठावीस हजार बुडाले, म्हणजे आणखी जवळजवळ पावणेसात. एकूण पावणेएकोणीस लाखांच्या आसपास.

"इथून बाहेर पडल्यावर सरासरी पगार?"

"चौतीस हजार," तो म्हणाला. आवाज हळुवारच होता, पण नजर टेबलावर होती.

"म्हणजे महिन्याला सहा हजारांची वाढ. वर्षाला बहात्तर हजार..." तिनं भागाकार केला, पुन्हा तपासला. "सव्वीस वर्षं. आज माझं वय सत्तावीस. दोन वर्षं शिकण्यात जातील. म्हणजे पंचावन्नाव्या वर्षी मी बरोब्बर आज जिथे आहे तिथे पोचेन."

"पण पदवीसकट," तो म्हणाला.

"आणि तुम्ही कुठे लागलात?"

"इथेच."

"म्हणजे कारखान्यानं आपलाच माल विकत घेतला!"

"आमच्या वर्गातले पाच जण घेतले," तो शांतपणे म्हणाला. "त्यामुळे नोकरी मिळालेल्यांची टक्केवारी चांगली दिसते."

इतक्यात टण्ण करून घंटा वाजली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी प्रवेश घेतला होता. तिथली रीतच होती – सही झाली की समुपदेशकानं भिंतीवरची पितळी घंटा वाजवायची आणि सगळ्या कर्मचाऱ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायच्या. पालकांना वाटायचं, हा मुलाचा सत्कार आहे. खरं तर वरच्या मजल्यावर बसलेल्या संचालिकाबाईंना खाली न येता हिशेब कळावा म्हणून ती सोय होती.

वडील मात्र उठून उभे राहिले आणि अनोळखी मुलासाठी टाळ्या वाजवू लागले. डोळे चमकत होते.

"साहेब," खाली बसत त्यांनी विचारलं, "आमच्या वेळी पण वाजवणार ना?"

त्याला 'हो' म्हणायला पगार मिळत होता. तो म्हणाला. पण म्हणताना त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, आणि हे तिनं पाहिलं.

त्या संध्याकाळी संचालिकाबाईंनी त्याला बोलावलं. "पोस्टर, या हंगामात तुझा एकच प्रवेश कमी पडतोय. तो झाला की तू कायम. नाही झाला तर... आपण व्यवस्थापन शिकवतो, तुला समजतंच. ते मीटरवाले काका तयार दिसतायत. मुलगी जरा किरकिरी आहे. तेवढी सांभाळ."

त्यालाही कायम व्हायचंच होतं. याच कॉलेजच्या फीसाठी घेतलेलं कर्ज त्याचा पगार दर महिन्याला अर्धा खाऊन टाकत होतं. कॉलेज एका हातानं द्यायचं, बँक दुसऱ्या हातानं घ्यायची. तो मध्ये उभा राहून हसायचा. पोस्टरसाठी आधी त्याच हसण्याचा फोटो काढला होता, पण मग फोटोग्राफरला ते डोळे सापडले.

दोन दिवसांनी तो तिच्या दुकानात गेला. म्हणजे, मुलगी सांभाळायला गेला. निदान निघताना स्वतःला त्यानं तसंच सांगितलं होतं.

"डोळे तपासायचेत," तो म्हणाला. "डावा जास्त आहे म्हणे."

"कोण म्हणालं?"

"एक किरकिरी बाई."

तपासणीची खोली अरुंद आणि अंधारी होती. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता होता. तिनं त्याच्या नाकावर ती जड गोल फ्रेम चढवली, कानामागे तिची बोटं क्षणभर लागली, आणि तक्त्यावरची उरलीसुरली अक्षरंही पुसट झाली.

"वाचा."

"वरचं मोठं दिसतंय. खाली मुंग्या आहेत."

"बरं. आता सांगा – हे बरं की..." तिनं काच बदलली, "...हे?"

"पहिलं."

"पहिलं की दुसरं?"

"दुसरं... नाही, पहिलं. तुम्ही जरा बाजूला व्हाल? तुम्ही समोर आलात की तक्ता महत्त्वाचा वाटत नाही."

"असं सगळ्या मुलींना सांगून प्रवेश घ्यायला लावता वाटतं."

"नाही, त्यांना पाणी देतो."

ती हसली, पण काच हातातच धरून उभी राहिली. अंधारात तिचा चेहरा त्याला नीट दिसत नव्हता. आवाज मात्र अगदी जवळून आला. "एक विचारू? तुमची सख्खी बहीण असती... तिला घातली असती तिथे?"

खाली रस्त्यावरून एक ट्रक गेला, काचांची पेटी किणकिणली.

"पहिलं की दुसरं?" तिनं विचारलं. तिच्या हातात काच नव्हती, ती तिनं पेटीत ठेवली होती.

"दोन्ही... सारखंच वाटतंय," तो म्हणाला.

तिनं त्याच्या नाकावरची फ्रेम काढली. "आमच्या धंद्यात एक कळतं. दोन्ही सारखं म्हणणारा माणूस दमलेला तरी असतो, नाहीतर घाबरलेला. चष्मा शुक्रवारी न्या."

तो दाराशी पोचला तेव्हा ती मागून म्हणाली, "बाबांनी शनिवार ठरवलाय. चेक घेऊन येणारेत. मी खूप सांगून पाहिलं. म्हणतात, तू हिशेब कर, मी घंटा ऐकून आलोय."

शनिवारी वडील कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशात चेक होता. दर दोन मिनिटांनी ते खिशाला हात लावून बघत. ती शेजारी बसली होती, ओठ घट्ट मिटून. समोर तो – नाकावर नवा चष्मा.

चष्म्याचा त्रास असा की काढेपर्यंत सगळं दिसतच राहतं. सकाळपासून त्याला त्याच्या खुर्चीतून दारातलं पोस्टर स्वच्छ दिसत होतं. फोटोच्या अगदी तळाशी एक बारीक ओळ होती, ती त्यानं आज पहिल्यांदा वाचली. 'सर्वांना असेच यश मिळेल असे नाही.' त्याच्या छातीवरच छापली होती, आणि तीन वर्षं त्याला ती नक्षी वाटत होती.

"काढू का चेक?" वडिलांनी विचारलं.

वर जिन्यात संचालिकाबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. आज हिशेब कानांवर सोडायचा नाही असं त्यांनी ठरवलं असावं.

"काका," तो म्हणाला, "पाणी घेणार?"

"झालं घेऊन."

"मग ऐका. चौतीस हजार ही सरासरी फक्त नोकरी लागलेल्यांची आहे. न लागलेले त्यात धरलेले नाहीत. आणि लागलेल्यांत मी आहे. मला काढलंत तर लागलेले आणखी कमी होतात – आणि मला बहुतेक आजच काढतील." त्यानं श्वास घेतला. "मागच्या रस्त्याला सरकारी कॉलेज आहे. संध्याकाळचे वर्ग असतात. तीन वर्षं लागतात, इमारत गळते, पण नोकरी सोडावी लागत नाही, आणि फी इथल्या दहाव्या हिश्शाहून कमी आहे. पदवीवर शिक्का तोच असतो. दुकानाच्या मालकाला तेवढाच बघायचाय."

वडिलांनी खिशावरचा हात काढला. मग हळू म्हणाले, "मग तुम्ही का नाही गेलात तिकडे?"

"मला कुणी सांगितलं नाही. आणि... इथे घंटा होती, काका. माझ्या वडिलांनाही आवडली होती."

"अगदीच फुकट गेलं म्हणता?"

हा प्रश्न त्यानं स्वतःला कधी विचारला नव्हता. हप्ते भरण्यातून सवड मिळाली नव्हती. "फुकट नाही. एक म्हातारे सर होते. चार माणसांत उभं राहून खरं कसं बोलायचं ते त्यांनी शिकवलं. फक्त... वापरायला आज काढलं."

तिनं इतका वेळ मिटलेले ओठ उघडले. "सख्ख्या बहिणीचं उत्तर?"

"हेच," तो म्हणाला. मग चष्मा सारखा करत, "पण तुम्ही बहीण नाही आहात. तेवढी नोंद असावी."

ती लाल झाली. नव्या चष्म्यातून तेही स्वच्छ दिसलं.

संचालिकाबाईंनी त्याला सोमवारपर्यंतसुद्धा ठेवलं नाही. पोस्टर मात्र राहिलं. नवं छापायला खर्च येतो.

पुढच्या आठवड्यात सरकारी कॉलेजच्या खिडकीपुढे रांग होती. छतातून एका बादलीत पाणी ठिबकत होतं. तो रांगेत नव्हता, पण तिच्या शेजारीच उभा होता. एका गोदामात तात्पुरतं काम मिळालं होतं, आज सुट्टी होती. हप्त्यांचं काय, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "चालू आहेत. त्यांच्याइतकं निष्ठावान माझ्या आयुष्यात कुणी नाही."

"अजून," ती म्हणाली, आणि लगेच बादलीकडे बघू लागली.

खिडकीपाशी नंबर आला. आतल्या कारकुनानं मान वर न करता कागद घेतला, शिक्का मारला, पावती सरकवली. "पुढचा."

वडील तिथेच उभे राहिले. कडक इस्त्रीचा शर्ट आजही होता. "झालं?" त्यांनी विचारलं. "एवढंच?"

"एवढंच, बाबा. चला." पण तिचाही आवाज जरासा पडला होता. हिशेब बरोबर आला म्हणजे मन भरतं असं नाही.

त्यानं खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. रांगेसाठी लावलेल्या लोखंडी कठड्यावर तो सगळी ताकद लावून आपटला.

टण्ण!

रांग दचकली. कारकुनानं नोकरीत बहुधा पहिल्यांदाच मान वर केली. "काय चाललंय इथे?"

"प्रवेश झाला," तो म्हणाला.

आणि वडील टाळ्या वाजवू लागले. एकटेच, जोरजोरात. मग रांगेतल्या एका बाईनं वाजवल्या, मग तिच्या मागच्यानं... शेवटी कारकुनानंही, शिक्का बाजूला ठेवून, दोनच टाळ्या. खात्याचा माणूस त्याहून जास्त करणार नाही.

बाहेर पावसाची भुरभुर होती. वडील मुद्दाम पुढे चालत होते. मीटर वाचणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं नसतं ते कळतं. तिनं चष्मा काढून बाहीला पुसला आणि त्याच्याकडे बघितलं.

"नोकरी गेली, कायम होणं गेलं, वर नवा चष्मा. माझ्यापायी बराच खर्च झाला तुझा." 'तुझा' म्हणाली. त्यानं ऐकलं, पण मध्ये बोलला नाही. "किती वर्षांत वसूल होईल?"

त्यानं डोळे बारीक केले, मग चष्मा आहे हे आठवून उघडले.

"घाई नाही," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं धरून चालू."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर नफा."

"ही ओळ पोस्टरवर नको हं छापूस," ती म्हणाली, आणि चष्मा न घालताच त्याचा हात धरून चालायला लागली. पुढचा रस्ता तिला मुळीच दिसत नव्हता. त्याला मात्र पार कोपऱ्यापर्यंत स्वच्छ दिसत होता.