ईस्टरच्या संध्याकाळचा चहा

"आमची सून चायतसून विष घालता," क्लेमेंटिनाबाईंनी दारातच सांगून टाकलं. "रविवारी तिचो बापूस तिका म्हायराक, बांद्याक न्हेतलो. त्याच्याआधी सिद्ध करा."

कणकवलीहून आलेल्या खासगी गुप्तहेर सत्यवतीबाई हसल्या नाहीत. त्यांचा मदतनीस बाबली मात्र समोरचा रिकामा कप हुंगू लागला.

क्लेमेंटिनाबाईंचा नवरा जासिंत तीनदा मरता मरता वाचला होता. अंगभर गांधी, सुजलेला घसा, कोंडणारा श्वास. तिन्ही वेळा रविवार, तिन्हीसांज, आणि सुनेच्या हातचा चहा नुकताच पोटात गेलेला. शेवटचा झटका ईस्टरला.

"दुपारी काय जेवला होता?"

"तिन्ही वेळा सोरपोतेल. डुकराचा मटण सगळ्यांनीच खाल्ला, जन्मभर खातव," जासिंत घोटा खाजवत म्हणाला.

"घोट्याला काय झालं?"

"काजूच्या बागेत गोचीड चावली. दिवाळीपासून खाजता."

सून वेनेसा डोळे पुसत नव्हती, चिडली होती. "चाय मी रोज करतंय. ईस्टराआधीच्या उपासात पण केलंय. तेव्हा कोणाक काय झाला नाय."

"उपासात जेवण काय?"

"मासे, भाजी. मटण घरात येणा नाय."

बाहेर आल्यावर बाबली कुजबुजला, "सून हुशार आसा हां! उपासात पाप नको म्हणान थांबला."

"बाबल्या, तुका पाप दिसता, माका ताट दिसता." सत्यवतीबाईंनी जासिंतचं रक्त तपासायला पाठवलं.

रविवारी वेनेसाचे वडील गाडी घेऊन अंगणात आले. सत्यवतीबाईंनी सगळ्यांना समोर बसवलं.

"गुन्हेगार चहात नव्हता, दुपारच्या जेवणात होता. डुकराच्या, बोकडाच्या मांसात एक साखर असते. माणसात ती नसते, माशात नाही, कोंबडीतही नाही. काही गोचिडी चावताना तीच साखर रक्तात सोडतात. शरीर तिला वैरी समजतं आणि ध्यानात ठेवतं. पुढे मटण खाल्लं की तुटून पडतं, पण लगेच नाही, काही तासांनी! तोवर जेवण विसरलेलं असतं, संशय चहावर. उपासात चहा होता, मटण नव्हतं, झटकाही नव्हता. रक्ताचा रिपोर्टही तेच सांगतो."

बाबली स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. या कातडीखाली कोण जागं बसलंय, एका चाव्याची आठवण महिनोन्महिने जपत? भराडीच्या जत्रेत देवीसमोर पोचल्यावर यायचा, तसा काटा त्याच्या अंगावर आला.

"म्हणजे सोरपोतेल बंद?" जासिंतचा चेहरा पडला.

"बंद. आणि गोचिडीपासून जपायचं."

वेनेसाने पिशवी उचलली. "चललंय मी."

क्लेमेंटिनाबाई वाटेत आडव्या आल्या. "ह्येच्या ताटावर नजर कोण ठेवतलो गो? माझा ऐकणा नाय ह्यो. तुझा ऐकता."

"ठेवीन," वेनेसा म्हणाली. "पण आधी माफी मागा. हयच, माझ्या बापसासमोर."

क्लेमेंटिनाबाईंनी मागितली.